खिडकीतलं पातेलं

"अगं ए, काय खातेस ते?"

मी ओरडलो तशी पोर दचकली. चार वर्षांची असेल. खळीच्या मोठ्या पातेल्याशेजारी उकिडवी बसून ती झाकणाला लागलेली खळ बोटानं निपटून चाटत होती. माझ्याकडं बघत बघतच तिनं तोंडातलं बोट शेवटपर्यंत चोखून घेतलं आणि मग फ्रॉकला पुसलं.

पलीकडं कागदांच्या घड्या घालत बसलेल्या बायकांतून तिची आई धावत आली. तिनं पोरीच्या पाठीत असा धपाटा घातला की पोर रडायचंसुद्धा विसरली.

"भस्म्या झालाय मेलीला," माझ्याकडं न बघता ती म्हणाली. "सकाळीच भाकर खाल्लीया, मास्तर. खोटं न्हाई सांगत."

मी काही विचारलंच नव्हतं.

ती सुंद्राबाई. पोरगी तिची, तुळसा. बहात्तर सालचा दुष्काळ होता आणि बार्शीत रोज नवी माणसं येत होती. सुंद्राबाईचा नवरा मुंबईला गोदीत कामाला म्हणून गेला होता. वर्ष झालं, त्याचा कागद नव्हता. गावातली विहीर आटल्यावर म्हातारी सासू आणि पोरगी घेऊन ती इथं आली. रेल्वेच्या रुळांपलीकडं चवाळ्याचं एक खोपट घातलं आणि आमच्या बाइंडिंगच्या कारखान्यात घड्या घालायला लागली. बोटं अशी चालायची की महिन्याभरात ती जुन्या बायकांच्या पुढं गेली.

मी तिथला मुख्य कारागीर. वय अठ्ठावीस, लग्न व्हायचं होतं. आम्ही जिनगर. माझ्या आज्ज्यानं घोड्यांची खोगिरं केली, वडिलांनी ट्रंका मढवल्या आणि मी वह्या-पुस्तकं बांधायला लागलो. चिकटवणं हा आमच्या घरचा धंदाच म्हणा. कारखान्यात माझ्या हाताखाली तीन भांडी असत. बाभळीचा डिंक भिजत घातलेला, तो लेबलांना. सरस, तो पुस्तकाच्या पाठीला. जनावराच्या कातड्याचा तो. पाण्याच्या भांड्यात भांडं ठेवून तापवायचा, नाहीतर करपतो आणि गल्लीभर वास सुटतो. सुंद्राबाईच्या गळ्यात तुळशीची माळ होती. सरसाच्या भांड्याकडं ती पाठ करून बसायची. तिसरी खळ, पुठ्ठ्यावर कापड आणि कागद डकवायला. मैदा पाण्यात कालवून, गुठळी होऊ न देता मंद आचेवर घोटायचा. पिठल्यासारखा रटरटायला लागला आणि पळीवरून दोरी धरून खाली आला, की उतरवायचा. शेवटी चिमूटभर तुरटी. सगळं घरच्या चुलीसारखंच.

त्या दिवशी दुपारी जेवायच्या सुट्टीत मी माझ्या डब्यातली एक भाकरी आणि चटणी कागदात गुंडाळली आणि सुंद्राबाईपुढं ठेवली.

"पोरीला द्या," मी म्हणालो.

सगळ्या बायकांचे घास हातातच राहिले. सुंद्राबाईनं तो कागद दोन बोटांनी माझ्याकडं सरकवला.

"आमी मागून खानारी मानसं न्हाई, मास्तर."

एवढंच बोलली. कडवटपणानंही नाही. दुसऱ्या दिवसापासून तुळसाला आणायची बंद झाली. पोर म्हातारीपाशी खोपटात राहायला लागली.

तिच्याशेजारी बसणारी हौसाबाई मला बाजूला घेऊन म्हणाली, "तुमी चांगल्या मनानं दिलं, पर बिनलग्नाचा गडी बाईला भाकरी देतो म्हनल्यावर मानसं काय काय बोलत्याल. तिला हितं काम करायचं हाय."

पटलं मला ते.

उरलेली खळ आम्ही संध्याकाळी फेकून द्यायचो, कारण दुसऱ्या दिवशी ती आंबते. चार-पाच दिवसांनी माझ्या लक्षात आलं, फेकायला काही उरतच नाही. पातेलं खरवडून, विसळल्यासारखं लख्ख. मग एकदा निघायच्या वेळी पाहिलं. सुंद्राबाई सगळ्यांच्या मागं रेंगाळली, पदराखालून तांब्या काढला आणि उलथण्यानं तळाची खळ त्यात ओढून घेतली. चोरी म्हणावी तर टाकाऊच वस्तू. पण ती ज्या तऱ्हेनं दाराकडं बघत होती, ते बघून मीच दारामागं सरलो.

मग मी एक करायला लागलो. तुरटी घालायच्या आधी चार पळ्या खळ एका जर्मनच्या छोट्या पातेल्यात काढायची आणि ते खिडकीत झाकून ठेवायचं. कुणी विचारलंच तर लेबलांसाठी. लेबलांना डिंक लागतो हे तिथल्या सगळ्यांना ठाऊक होतं, पण कुणी विचारलं नाही. पहिल्या दिवशी सुंद्राबाईनं त्या पातेल्याकडं दोनदा बघितलं. तिसऱ्या दिवशी सकाळी मी आलो तर पातेलं घासून पुसून खिडकीत परत ठेवलेलं. राखेनं इतकं घासलेलं की त्यात तोंड दिसावं.

आम्ही त्याबद्दल कधीच बोललो नाही. दोन महिने तसंच चाललं. मी थोडा मैदा जास्त घ्यायचो, खळ थोडी घट्ट घोटायचो. एकदा मीठही घातलं. त्या संध्याकाळी जाताना ती दारात थांबली आणि हौसाबाईला उद्देशून, पण मला ऐकू जाईल असं म्हणाली, "तुळसाच्या अंगाला जरा मांस धराय लागलंय, आक्का."

एवढं मला पुरे होतं. खोटं कशाला सांगू, संध्याकाळी घरी जाताना मला फार बरं वाटायचं. आपण कुणाला न दुखवता काहीतरी केलं, ह्याचा एक अभिमानही असायचा.

माघात कचेरीचं मोठं काम आलं. जमिनींच्या नोंदींच्या जाडजूड वह्या, पाचशे. आदल्या सालच्या वह्यांना कसर लागून पानांची चाळण झाली होती आणि मालकांना कचेरीत चारचौघांत ऐकून घ्यावं लागलं होतं. त्यामुळं त्या सकाळी मालक स्वतः भट्टीपाशी येऊन उभे राहिले. हातात मोरचुदाचा पुडा.

मोरचूद म्हणजे निळ्या खड्यांचं विष. कसर लागू नये म्हणून टिकाऊ वह्यांच्या खळीत ते थोडं घालतात. शाळेच्या वह्यांना लागत नाही, म्हणून दोन महिने आम्ही ते वापरलंच नव्हतं.

"मूठभर पुरे," मी म्हणालो.

"यंदा मूठ-बीठ नको," मालक म्हणाले आणि त्यांनी अख्खा पुडा पाण्यात रिकामा केला. खडे विरघळले. पाणी निळं झालं. मग त्यात मैदा पडला. मी घोटत राहिलो. मालक खळ उतरेपर्यंत तिथनं हलले नाहीत, त्यामुळं वेगळी चार पळ्या खळ करायची सोय राहिली नाही.

दिवसभर माझ्या डोक्यात एकच होतं: सुंद्राबाईला सांगायला हवं. साधी गोष्ट होती. 'आजच्या खळीत मोरचूद आहे, नेऊ नका.' एवढेच पाच-सहा शब्द. पण ते उच्चारायचे म्हणजे, तुम्ही खळ नेता हे मला माहीत आहे, असं तिच्या तोंडावर म्हणायचं. दुपारी एकदा मी तिच्यापर्यंत गेलोही.

"सुंद्राबाई."

"काय मास्तर?"

शेजारी बायका बसल्या होत्या. भाकरीचा कागद दोन बोटांनी सरकवतानाचा तिचा चेहरा माझ्या डोळ्यांपुढं आला.

"घड्या जरा घट्ट घाला," मी म्हणालो.

"बरं," ती म्हणाली.

मग मला वाटलं, सगळ्यांनाच सांगावं, उगाच एकटीला नको. पण सगळ्यांना का सांगायचं? खळ खाऊ नका, असं कोण कुणाला सांगतं? बायका हसतील, एकमेकींकडं बघतील आणि शेवटी तिच्याकडं बघतील. असं मी स्वतःशीच घोळवत राहिलो. संध्याकाळी मी खिडकीतलं पातेलं पालथं घातलं. वाटलं, तिला समजेल. आज नाही, एवढं तर समजेलच. उद्या भल्या सकाळी घरनं चांगलं पीठ शिजवून आणू आणि पातेल्यात ठेवू. हा बेतही मी करून टाकला. मग कारखान्याचे हिशेब बघणाऱ्या दिवाणजींनी मला दोऱ्याच्या रिळांसाठी बाजारात पिटाळलं आणि मी गेलो.

दुसऱ्या दिवशी पीठ शिजवून डब्यात घालून मी आलो. सुंद्राबाईची जागा रिकामी होती.

अकराच्या सुमाराला हौसाबाई आली. चपला काढता काढताच म्हणाली, "सुंद्राची पोर गेली, मास्तर."

"कुठं गेली?" मी विचारलं. खरंच विचारलं.

हौसाबाई माझ्याकडं पाठ करून बायकांत जाऊन बसली.

मग इतर बायकांना तिनं सांगितलं ते मी ऐकलं. पोरीला ओकाऱ्या लागल्या, मग ढाळ. म्हातारीलाही झालं पण ती तगली. उजाडताना उचलून दवाखान्याकडं निघाले तर वाटेतच. सगळे म्हणतात टँकरचं पाणी, त्या वस्तीत आणखी दोघांना झालंय.

"पान्याचंच," दुसरी एक बाई म्हणाली. "आमच्या आळीतबी तेच."

मी सरसाच्या भांड्याखालचा जाळ सारखा करत बसलो. कोळसे चिमट्यात येईनात. त्या दिवशीची खळ अजून घोटायची होती; उठून मोठ्या पातेल्यात डोकावलं. तळ खरवडलेला होता, लख्ख.

पाचव्या दिवशी सुंद्राबाई कामावर आली. म्हातारी घरी होती, न येऊन करते काय. बायकांनी तिला मधे बसवून घेतलं. तिनं घड्या घालायला सुरुवात केली. हात तसेच भरभर चालत होते. दुपारी बायका पाण्याला गेल्या तेव्हा ती उठून माझ्यापाशी आली. तिचं असं समोर येऊन उभं राहणं मी पहिल्यांदाच पाहत होतो.

"मास्तर, मी काय न्यायची ते तुमास्नी ठावं हाय."

मी मान हलवली.

"त्या दिशी ते बारकं पातेलं पालथं हुतं. मला वाटलं, गडबडीत इसरलासा. मग म्या मोठ्यातली खरवडली." ती थांबली. "गूळ हुता जरासा, त्यो घालून दिली. तुळसा म्हनली, आये, कडू लागतंय. म्या म्हनलं, गप गीळ. दोनदा म्हनली. म्या दटावून खायला घातली."

तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. ती माझ्या तोंडाकडं बघत होती.

"काय येगळं हुतं का त्यात, मास्तर?"

खरं सांगायला मी तोंड उघडलं होतं. आज इतक्या वर्षांनीही सांगतो, उघडलं होतं. पण 'गप गीळ' हे दोन शब्द मधे आले. ह्या बाईला आता कसं सांगू, की तू तुझ्या हातानं?

"नाही," मी म्हणालो. "नेहमीचीच होती."

तिनं श्वास सोडला. खांदे एकदम खाली आले.

"मग पान्याचंच," ती म्हणाली. "सगळी म्हनत्यात तसं. पान्याचंच." आणि पदरानं तोंड झाकून तिथंच खाली बसली आणि रडली. चार दिवसांत पहिल्यांदाच रडली असावी असं ते रडणं होतं. मी तिच्याशेजारी उभा राहिलो. मी चांगलं केलं, असंच मला त्या क्षणी वाटत होतं.

तो बाजाराचा दिवस होता. चारलाच सुट्टी झाली. बायका निघाल्या. मी वखारीतून पुठ्ठे मोजून बाहेर आलो तर समोर दारातून स्वच्छ ऊन आत पडलेलं आणि त्याच्या अलीकडच्या सावलीत सुंद्राबाई मोठ्या पातेल्यापाशी वाकलेली. एका हातात तांब्या, एका हातात उलथणं.

कचेरीच्या वह्या अजून संपल्या नव्हत्या. पातेल्यात तीच मोरचुदाची खळ होती.

तिला आता रेंगाळायची किंवा दाराकडं बघायची गरज वाटत नव्हती. मास्तरला ठावं आहे आणि मास्तर म्हणालेत, नेहमीचीच. घरी म्हातारी उपाशी होती.

"राहू द्या ते," मी म्हणालो.

"जरासीच घेते. म्हातारीपुरती."

"नको."

तिनं वळून बघितलं. उलथणं पातेल्यात गेलेलं होतं. मी काय बोलणार होतो? एकच वाक्य होतं आणि दोन तासांपूर्वी मी त्याच्या उलट बोलून बसलो होतो. मी पुढं धावलो आणि पायानं ते पातेलं उलथून टाकलं.

खळ फरशीवर पसरत गेली, दारातल्या उन्हापर्यंत. आणि उन्हात ती निळी दिसली. हिरवट निळी.

सुंद्राबाई त्या डबक्याकडं बघत राहिली. मग माझ्याकडं बघितलं. मग पुन्हा खाली. तांब्याच्या काठाला लागलेलं थोडं तिनं बोटावर घेतलं, नाकाशी नेलं, जिभेला लावलं आणि थुंकली.

आतून दिवाणजी ओरडत आले. "काय केलंस रे हे? परवान्यावरचा मैदा आहे तो!"

"पाय लागला," मी म्हणालो.

सुंद्राबाईनं तांब्या खाली ठेवला. अगदी हळू, आवाज न करता. पदर सारखा केला आणि त्या खळीला वळसा घालून दारातून बाहेर गेली. तांब्या तिथंच राहिला.

ती पुन्हा आली नाही. दोन दिवसांनी मी रुळांपलीकडं गेलो तर खोपट मोडलेलं. नुसती चूल राहिली होती. तिथल्या लोकांना काही सांगता येईना. कारखान्यात मी काम करत होतो, पण खळ घोटायला बसलो की उलटी यायची. मालकांना वाटलं, सरसाच्या वासानं. त्यांनी खळीचं काम दुसऱ्याला दिलं. मी कुणाला काही सांगितलं नाही. कोणाला सांगायचं होतं? मालक म्हणाले असते, खळ खायला कुणी सांगितली होती? आणि ते खरंच होतं.

महिन्याभरानं हौसाबाईच्या भाच्यानं तिला पाहिलं. वैरागच्या रस्त्यावर, दुष्काळी कामावर खडी फोडताना. हौसाबाईनं मला ते सहज सांगितल्यासारखं सांगितलं, पण जागा मात्र नीट समजावून सांगितली.

मी रविवारी गेलो. उन्हात दोन-अडीचशे माणसं ओळीनं बसून दगड फोडत होती. सगळ्यांच्या पापण्यांवर पांढरी धूळ. मी ओळीच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत तीनदा फिरलो, तेव्हा ओळखू आली. तिनं मला आधीच पाहिलं होतं. हातोडा थांबला नाही.

मी समोर दगडावर बसलो.

"सासूबाई?" मी विचारलं.

"हाय. सरकारची सुकडी मिळती हितं. खाती."

रस्त्याभर सगळं पाठ करत आलो होतो. मग मी एकदाचं बोललो.

"सुंद्राबाई, त्यात मोरचूद होतं. मी खोटं बोललो. त्याच दिवशी दुपारी तुम्हाला सांगायला आलो होतो, सांगितलं नाही. पातेलं पालथं घातलं आणि गेलो."

तिनं एक दगड फोडला. त्याचे तुकडे बाजूला केले. दुसरा घेतला.

"का न्हाई सांगितलंसा?"

मी खाली बघून म्हणालो, "तुम्हाला लाज वाटेल म्हणून."

हातोडा थांबला. आजूबाजूला दोनशे हातोडे चालू होते, पण माझ्या कानाला तो एकच थांबलेला कळला. मला वाटलं, आता ती मला मारील. मारायला हवं होतं. ती फोडलेल्या खडीकडं बघत होती आणि जणू हिशेब जुळत नाही तशी कपाळाला आठी घालून विचार करत होती.

"लाजले असते, मास्तर," ती शेवटी म्हणाली. "लई तर लई काय झालं असतं? लाजले असते. दोन दिस मान खाली घालून बसले असते. आन् तिसऱ्या दिशी पुन्यांदा तुमच्याकडं बघितलं असतं."

मी पायाशी पडलेला एक दगड उचलून तिच्यापुढं सरकवला.

पलीकडून मुकादमानं हाळी दिली. तिनं हातोडा उचलला.

"जावा आता," ती म्हणाली. "तुमच्यामुळं माझी खडी कमी पडंल."

मी उठलो. थोडं पुढं जाऊन वळून बघितलं तर ती खाली वाकलेली होती, आणि एवढ्या माणसांत, त्या धुळीत, लगेच वेगळी ओळखू येईना. बार्शी तिथून सहा मैल. मधे दोन गाड्या थांबल्या, 'येतो का' म्हणाले. मी नको म्हणालो. चालतच आलो.